एका आवाजाचं शेत

“…आणि दुसरी ओळ कुणी टोकली?”

बुवांनी हे विचारलं तेव्हा मका चार बोटं वर आला होता.

जयवंत बांधावर उभा होता. हातातलं खुरपं त्याने दुसऱ्या हातात घेतलं.

“मीच, बुवा. या वर्षी दुसरं आहे कोण?”

“तू एकटाच होतास?”

“एकटाच.”

भानुबुवांना दिसत नव्हतं. पेरणीच्या दिवशी ते याच बांधावर, याच दगडावर बसून होते. उन्हं चढली, उतरली, तरी हलले नव्हते.

“मी दोघांची पावलं ऐकली,” ते म्हणाले.

जयवंत हसला. “वय झालं, बुवा.”

“झालं खरं…”

बुवांनी तळहात जमिनीवर टेकवला. बराच वेळ तसाच ठेवला.

“एक जण पुढं होता,” ते म्हणाले. “एकाच पावलाने पुढं.”

जयवंतचं हसू तिथंच राहिलं.

*

मठ डोंगराच्या पायथ्याशी होता. मठाला अडीच एकर जमीन. त्यात मका होई.

मक्याची दोन बियाणी होती. एक हळवं. ते ऐंशी दिवसांत पिके. ताट कमरेएवढं, कणीस वीतभर, दाणा पिवळा, त्यावर लाल झाक. दुसरं गरवं. त्याला चार महिने लागत. ताट माणसाच्या डोक्यावरून जाई आणि कणीस हातात मावत नसे.

दोन्ही एकाच शेतात पेरायची. एक ओळ हळव्याची, तिच्या शेजारी एक ओळ गरव्याची. पुन्हा हळवं. पुन्हा गरवं.

पेरायला दोन माणसं लागत. प्रत्येकाच्या कमरेला वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा. एकात हळवं बी, एकात गरवं. दोघांनी शेजारी शेजारी चालायचं, या बांधापासून त्या बांधापर्यंत. ज्या हाताने हळवं धरलं त्या हाताने गरवं धरायचं नाही. आणि पेरणी संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. खोकला आला तरी तोंडावर उपरणं धरायचं.

का, ते बुवांनी कधी सांगितलं नाही. फार विचारलं तर म्हणत, “पाऊस येताना तुला विचारतो का?”

“नाही.”

“आणि जाताना?”

एवढंच.

गरवं बी मठाचं होतं. हळवं आणलं होतं केरबाने.

अकरा वर्षांपूर्वी केरबा मठात आला तेव्हा त्याच्या उपरण्याच्या गाठीत आईच्या शेतातलं हे बी होतं. दुसरं काही नव्हतं. त्याच्या गावात ते आता कुणाकडे राहिलं नाही. मठाच्या गावातही नाही. सगळे दुकानातली पाकिटं आणत. पाऊस मध्येच दगा देऊन गेला की तेच लोक मठात येत आणि ओंजळभर हळवं मागून नेत.

पेरताना केरबा नेहमी एक पाऊल पुढं असे. जयवंत मागून डोळे वटारी. बोलायची तर बंदी. केरबा वळून दात दाखवी आणि आणखी भराभर चाले. तो खुरप्याने टोकत नसे. त्याच्याकडे बाभळीची टोकदार काठी होती. टक् करून भोक, दोन दाणे, पायाने माती. टक्. दोन दाणे. माती.

ओळीच्या तोंडाशी तो एक पांढरा गोटा ठेवी.

“मोजता येत नाही ना त्याला,” मठात स्वयंपाक करणारी कौसाबाई म्हणे. “म्हणून गोटे मांडतो. ओळी हरवतील त्याच्या!”

“हरवतात, मावशी,” केरबा म्हणे. “तुझी भाकरी नाही का तव्यावर हरवत? निम्मी काळी निघते.”

गेल्या श्रावणात तो हळव्याची कणसं काढत होता. शेताच्या मधोमध एक उभा दगड आहे, तिथं त्याला साप चावला. बांधापर्यंतही आला नाही. कणसांची पाटी तिथंच उपडी झाली होती.

एकतीस वर्षांचा होता. त्याची काठी त्याच्याबरोबर चितेवर ठेवली.

*

त्यानंतर दोन्ही तुंबे मठाच्या आढ्याला टांगलेले राहिले.

“दोन्ही मला द्या,” जयवंत बुवांना म्हणाला होता.

“एका माणसाला दोन?”

“मग दुसरा माणूस आणा.”

बुवांनी आढ्याच्या दिशेने मान वळवली. मग म्हणाले, “यंदा पेर. पोळ्याला बघू, कुणाचा तुंबा कुणाकडे जातो ते.”

मठात सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याच्याकडे दोन्ही तुंबे, तो बुवांच्या मागे मठ चालवणार. जयवंत सात वर्षं याचीच वाट पाहत होता.

तो शेतीचा पदविका अभ्यासक्रम शिकलेला होता. त्याचं गरव्याचं कणीस तालुक्याच्या प्रदर्शनात पहिलं आलं होतं. त्याचं प्रमाणपत्र त्याने काचेत घालून ओसरीवर लावलं. बुवांना हात धरून तिथं नेलं. बुवांनी काचेवरून बोटं फिरवली.

“गार आहे,” ते म्हणाले.

कौसाबाई पदरात तोंड घालून हसली. तेव्हापासून ती जयवंतला ‘काचवाले’ म्हणू लागली.

जयवंतला हळवं आवडत नसे. निम्मं शेत ते अडवतं. त्याचा पराग गरव्यावर उडतो, दाणे भेसळीचे होतात. आणि लोक हळवं मागायला येत तेव्हा नाव केरबाचं निघे. “केरबाचं बी द्या, बुवा.” तो मेल्यावरही निघे.

अक्षय्य तृतीयेला मठात गावजेवण असतं. त्याच्या आदल्या दिवशी जयवंतने केरबाचा तुंबा आढ्यावरून काढला. राखेत घोळलेलं सगळं हळवं पाखडलं, दळणाच्या पोत्यात ओतलं आणि पोतं गिरणीवर नेलं. मग तुंब्यात गरवं भरून तो होता तिथं टांगून ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्या पिठाच्या भाकऱ्या झाल्या. गाव जेवलं. बुवाही जेवले. कुणाला काही कळलं नाही.

पेरणीला त्याने दोन्ही ओळी एकाच बियाने टोकल्या. सगळ्या शेतात गरवंच गरवं.

फक्त त्या उभ्या दगडाभोवती बैलगाडी वळेल एवढी जागा त्याने तशीच सोडली. तिथं त्याचा हात वळला नाही.

*

पुष्य नक्षत्रात मका डोक्यावर गेला.

बुवा रोज दुपारी बारा वाजता बांधावर येऊन बसू लागले. त्या वेळी शेतात कुणी थांबत नाही. पाखरंसुद्धा गप्प असतात.

“ऊन लागेल, बुवा,” जयवंत म्हणाला. “घरात चला.”

“थांब. ऐकतोय.”

“काय?”

“दर वर्षी या दिवसांत शेत दोन आवाजांत वाजतं. हळव्याची पानं सुकायला लागलेली असतात, ती कुरकुरतात. गरव्याची पानं ओली, ती नुसती सळसळतात.” बुवांनी मान कलती केली. “यंदा एकच आवाज येतोय.”

जयवंतने शेताकडे पाठ केली.

“वारा पडलाय, बुवा. म्हणून तसं वाटतं.”

“वारा पडलाय होय?”

“पान हलत नाही.”

“मग हा एक आवाज कुठला?”

जयवंतने शेताकडे पाहिलं. एक पान हलत नव्हतं. सगळी ताटं स्तब्ध उभी होती, त्याच्यापेक्षा उंच, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.

आणि आतून कुठून तरी, मधल्या भागातून, आवाज येत होता.

टक्…

मग बराच वेळ काही नाही.

टक्…

“सुतारपक्षी असेल,” जयवंत म्हणाला.

“असेल,” बुवा म्हणाले.

त्या आठवड्यात खुरपणीला आलेल्या बायांनी सगळं शेत खुरपलं. दगडाजवळची जागा सोडून दिली. जयवंतने कारण विचारलं तर कुणी बोलेना. एक जण खुरपं झटकत एवढंच म्हणाली, “तिथं खुरपलेलं आहे.”

*

मघा लागली आणि पाऊस थांबला.

गरव्याला तेव्हाच तुरे आले होते. कणसांतून केस बाहेर पडत होते. नेमक्या ह्याच दिवसांत त्याला पाणी हवं असतं. आठ दिवस गेले. पंधरा गेले. केस बाहेर पडता पडता तांबूस झाले, करपले, गळाले. जमिनीला भेगा पडल्या, इतक्या की त्यांत हात जाई.

जयवंतने बांधाजवळचं एक कणीस सोललं. लांबलचक होतं, प्रदर्शनात ठेवावं असं. आत सहा दाणे होते.

दुसरं सोललं. तीन.

तिसऱ्यात एकही नव्हता. पांढरं, गुळगुळीत, दात न आलेल्या तोंडासारखं.

त्याने चाळीसेक कणसं सोलली आणि मग सोलणं थांबवलं. अडीच एकर एकाच दिवशी फुलोऱ्यात आलं होतं, आणि एकाच दिवशी गेलं होतं.

कौसाबाई भाकरी घेऊन बांधावर आली. खाली पडलेली कणसं तिने पाहिली. या वेळी तिने चेष्टा केली नाही.

“आमचंबी असंच झालंय रे,” ती म्हणाली. “लेकीचं सगळं रान गेलं. जावई डोक्याला हात लावून बसलाय. जयवंता… पुढच्या पेरणीला ओंजळभर केरबाचं बी देशील ना? बुवांना मी विचारीन. पण तुंबा आता तुझ्याकडं येणार, म्हणून तुलाबी विचारते.”

जयवंतने मान हलवली. कोणत्या बाजूला, ते त्यालाही कळलं नाही.

“आणि तू हळवं पेरलं होतंस ना यंदा?” कौसाबाईने शेताकडे निरखून पाहिलं. “मला कुठं बुटकी ताटं दिसत नाहीत. नजर गेली वाटतं माझी.”

*

पोळ्याच्या दिवशी गावात बैलांना आंघोळी चालल्या होत्या. मठात बुवा ओसरीवर बसले होते. समोर दोन्ही तुंबे ठेवले होते.

“बस,” ते म्हणाले.

जयवंत बसला.

“यातला केरबाचा कोणता?”

जयवंतने डावीकडचा पुढं सरकवला. बुवांनी तो उचलून कानाशी धरला आणि हलवला. आत थोडं बी उरलं होतं, ते खुळखुळलं.

बुवांनी तुंबा खाली ठेवला. त्याची दोरी बोटांनी चाचपली.

गावातून ढोलाचा आवाज येत होता, तो जवळ आला, पुन्हा लांब गेला.

“बुवा,” जयवंत म्हणाला. त्याने डोळे तुंब्यावरच ठेवले. “बुवा, ते हळवं नाही. हळवं संपलं. मी दळून आणलं.”

“हं.”

“अक्षय्य तृतीयेला. सगळं. मूठभरही ठेवलं नाही. आता ते जगात कुठंच नाही, बुवा…”

“माहीत आहे.”

जयवंतने मान वर केली.

“मी दोन भाकऱ्या खाल्ल्या,” बुवा म्हणाले. “पहिल्या घासाला कळलं. हळव्याची भाकरी थोडी गोड असते.”

“मग तेव्हाच बोलला का नाहीत?”

“तोंडात घास होता.”

जयवंत रडायला लागला. मोठ्याने नाही. खाली मान घालून, शाळेत मार खाल्ल्यासारखा.

“तुंबा मला नको,” तो म्हणाला. “कोणताच नको. मी आजच जातो.”

“जाशील. आधी मला शेतात ने.”

“शेतात काय आहे आता?”

“बारा वाजत आले,” बुवा म्हणाले. “दोन्ही तुंबे घे.”

*

बांधापर्यंत जयवंतने त्यांचा हात धरला. तिथं बुवांनी हात सोडवून घेतला आणि ते मक्यात शिरले.

जयवंत मागे चालू लागला. त्याला डोळे होते, तरी पानं त्याच्या तोंडावर सपासप लागत होती. बुवांना एकही पान लागत नव्हतं. पायाखाली भेगा होत्या. बुवा अडखळले नाहीत.

वारा नव्हता. सगळ्या बाजूंनी पोकळ कणसं लोंबत होती.

“बुवा, तिकडं नको,” जयवंत म्हणाला. “तिकडं तो दगड आहे.”

बुवा चालत राहिले.

ताटं संपली आणि ते दोघं मोकळ्यावर आले. उभा दगड होता. दगडाच्या पायाशी केरबाची उपडी झालेली पाटी वर्षभर तशीच पडली होती, पावसाने काळी पडलेली.

पाटीपासून एक ओळ निघाली होती. सरळ. दोरी लावून आखावी तशी.

ओळीच्या तोंडाशी पांढरा गोटा होता.

“सांग,” बुवा म्हणाले. “काय दिसतं?”

जयवंत ओळीजवळ वाकला.

“मका आहे… कमरेएवढा. पानं वाळलीत. कणसं लवलीत खाली.”

बुवांनी चाचपून एक कणीस मोडलं, सोललं आणि जयवंतच्या डोळ्यांसमोर धरलं. वीतभर कणीस. बुडापासून टोकापर्यंत भरलेलं. पिवळा दाणा, त्यावर लाल झाक.

“पाटीतली कणसं सांडली होती,” जयवंत पुटपुटला. “ती रुजली असतील… आपोआप…”

“आपोआप ओळीत?”

जयवंतने पांढऱ्या गोट्याकडे पाहिलं.

“पुढं सांग.”

“अकरा ताटं पिकलीत. त्यांच्या पुढची… त्यांच्या पुढची हिरवी आहेत अजून. कणसाला ओले केस आहेत.” तो ओळीच्या कडेने हळूहळू चालू लागला. “त्यांच्या पुढं नुसते तुरे. त्यांच्या पुढं गुडघ्याएवढी.”

“आणखी पुढं?”

“वीतभर. मग चार बोटं.” त्याचा आवाज बारीक झाला. “मग एक कोंब आहे, बुवा. आत्ताच वर आलाय. मातीचा कण अजून डोक्यावर आहे त्याच्या.”

“आणि त्याच्या पुढं?”

त्याच्या पुढं जमीन भेगाळलेली, पांढरी पडलेली होती. त्या जमिनीत बोटाएवढं एक भोक होतं. भोकाच्या काठावरची माती ओली होती.

आत दोन दाणे होते. वर माती ओढायची राहिली होती.

जयवंत तिथंच खाली बसला. तुंबे त्याच्या हातातून सुटले आणि जमिनीवर घरंगळले.

बुवा त्याच्याजवळ आले. वाकले. एक तुंबा उचलला, हलवला. दुसरा उचलला, हलवला. केरबाचा तुंबा उपडा करून त्यातलं गरवं बी दुसऱ्यात ओतलं. रिकामा झालेला तुंबा दोरीने उभ्या दगडाला बांधला.

पिकलेल्या अकरा ताटांची कणसं त्यांनी स्वतः मोडली. चार धोतराच्या ओच्यात घेतली. “ही कौसेच्या लेकीला,” ते म्हणाले. बाकीची दगडाच्या पायाशी, पाटीत ठेवली.

जयवंतने एका कणसाकडे हात नेला.

बुवांनी त्याचा हात मध्येच धरला. त्या हातात गरव्याचा तुंबा ठेवला, आणि त्याची बोटं तुंब्याभोवती एकेक करून मिटवली.

“मी जाणार होतो, बुवा…”

बुवांनी त्याला उठवलं. खांदे धरून वळवलं, ओळीच्या शेजारी, हातभर अंतरावर उभं केलं. पेरताना उभं करतात तसं.

तेवढ्यात त्याच्या डाव्या बाजूला, एक पाऊल पुढं, आवाज झाला.

टक्.

जयवंत ओरडला. “केरबा! केरबा, मी तुझं…”

बुवांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

“बोलू नकोस,” ते हळूच म्हणाले. “पेरणी चालू आहे.”